दोन आण्यांचा तह

सर भाजी घेतानाही आधी कारण विचारत. बोईसरच्या बाजारात टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायका त्यांना ओळखून होत्या. "वांगी एवढी महाग का?" सर विचारायचे. "पावसानं झोडली, मास्तर," बाई सांगायची. सर छत्रीचं टोक जमिनीत रुतवायचे आणि म्हणायचे, "हे तात्कालिक कारण झालं. मूळ कारण काय?" एकदा एका बाईने त्यांच्या पिशवीत वांगी ओतली आणि म्हणाली, "मूळ कारन तुमीच. पाव किलो नेता नि आर्धा तास उभं रावता. मागची गिऱ्हाइकं पळतात." सरांनी मान डोलावली. "विचार करण्यासारखं आहे," म्हणाले, सांगितलेले पैसे दिले आणि निघाले.

भाव पाडून मागताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पुढे मी आयुष्यभर घासाघीस करूनच पोट भरलं, म्हणून ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली असेल.

ते आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे. शाळा बोईसरहून किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती, कौलारू, आणि मागच्या बाजूला खाडीचा एक फाटा आत आलेला. सर साताऱ्याकडचे. घाटावरचा माणूस आमच्या भागात आला की पहिल्या वर्षी घामाला शिव्या देतो, दुसऱ्या वर्षी सुक्या मासळीच्या वासाला देतो आणि तिसऱ्या वर्षी बदली मागतो. सरांनी यातलं काहीच केलं नाही. उलट आमच्या अंगातून धारा लागलेल्या असताना ते एक जाड लष्करी घोंगडी काखेत घेऊन वर्गात यायचे, तिची चौघडी खुर्चीवर टाकायचे आणि तिच्यावर बसायचे. घोंगडी त्यांच्या वडिलांची होती. वडील पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर तिकडे आखातात बसऱ्याला गेले होते आणि जिवंत परत आले होते. कशाला गेला होतात, असं सरांनी लहानपणी त्यांना विचारलं. वडील म्हणाले, "बोलावलं म्हणून गेलो."

हे सांगून सर थांबायचे. मग म्हणायचे, "हे कारण कुठल्याच पुस्तकात नाही. मी शोधतोय."

शोधता शोधता ते इतके रमत, की वर्षभरात पहिलं महायुद्धच होई. बाकीचा इतिहास 'वाचून काढा' या दोन शब्दांत संपायचा. अभ्यासक्रम पुरा करत नाहीत म्हणून आधीच्या दोन शाळांनी त्यांना घालवलं होतं. आमच्या शाळेतही त्यांची नोकरी कच्ची होती. त्यांच्या शाळेतल्या कपाटापासून घरातल्या चुलीपर्यंत सगळ्या गावाला सगळं ठाऊक असे, तसं हेही होतं.

सरांनी वर्गात देश वाटले होते. नावं हजेरीपटावर राहिली. हजेरी ते देशांची घेत. किनाऱ्याकडच्या पोरांमध्ये एक दातिवऱ्याचा होता, मामाकडे राहून शिकणारा, मामाच्या दोन होड्या. "ज्याच्या घरी होड्या तो इंग्लंड," सर म्हणाले. दुकानदाराचा मुलगा अमेरिका, कारण पेन्सिली तो दोन्ही बाजूंच्या बाकांना विकायचा. डोंगरातल्या पाड्यावरून चालत येणारा एक मुलगा रशिया. दिवाळी झाली की त्याचे आईबाप वैतरणेकडे वीटभट्टीवर जात आणि तोही त्यांच्याबरोबर जाई. हजेरीला रशियाचं नाव आलं की कोणीतरी म्हणायचं, "भट्टीवर गेला, सर." सर गंभीरपणे सांगायचे, "रशिया युद्ध अर्धवट टाकून घरी गेला तेव्हाही प्रश्न भाकरीचाच होता." सर्बिया म्हणजे इंग्लंडच्या शेजारी बसणारा एक बारका, हाताला खाज असलेला पोरगा. आणि ऑस्ट्रिया म्हणजे गावातल्या मोठ्या बागाईतदाराचा मुलगा. घराणं दांडगं, अंगात दम नाही. त्याचे वडील शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष होते आणि त्याच्याकडे सायकल होती.

मी पाम गावचा. बापाची थोडी शेती, तीही पावसाच्या भरवशावर. लावणी उरकल्यावर मला शाळेत घातलं, तोवर वर्ग भरला होता. सरांनी मला दारात उभं करून वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू उशिरा आलास," ते म्हणाले. "जागा सगळ्यांनी वाटून घेतल्या. आता तू चिडणार. तू जर्मनी."

मी तोपर्यंत चिडलो नव्हतो. त्यानंतर चिडलो.

ऑस्ट्रियाने सरकून मला खिडकीकडची जागा दिली. पुढे तो पामच्या फाट्यावरून मला सायकलच्या कॅरियरवर बसवून आणू लागला. फुकट कोणी कोणाला आणत नाही. मी त्याला शब्द दिला होता, की किनाऱ्याची पोरं तुझ्या वाटेला गेली तर मी आहे. त्या वयात शब्द स्वस्त असतो. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं.

आमचं युद्ध थंडीच्या दिवसांत मधल्या सुट्टीत झालं. सर्बियाने सायकलची हवा सोडली. ऑस्ट्रियाने त्याला थप्पड मारली, तो बांधावरून खाली पडला आणि त्याचा हात मोडला. हे घडलं तेव्हा मी वर्गात डबा खात होतो. ही गोष्ट मी तेव्हा सांगितली होती, आजही सांगतो. किनाऱ्याची पोरं धावून आली, ऑस्ट्रिया सायकल ढकलत वर्गाच्या खिडकीशी आला आणि मला म्हणाला, "तू बोलला होतास." मी डबा बंद केला.

इंग्लंडची पोरं मागे सरत खाडीत उतरली. ओहोटी होती. कुठला चिखल माणसाला पेलतो आणि कुठला गिळतो, हे त्यांना पायांनीच कळायचं. आम्ही शेतातली पोरं. चिखल म्हणजे लावणीचा चिखल, घोट्यापर्यंत, खाली कडक जमीन, अशा हिशेबाने आम्ही उड्या टाकल्या आणि मांड्यांपर्यंत गेलो. ऑस्ट्रियाने सायकलही आत आणली होती. वर ठेवली तर कोणी नेईल अशी त्याला भीती. मग आम्ही एकमेकांवर चिखल फेकत राहिलो. ते येऊन आम्हाला धरू शकत नव्हते, कारण मधली जागा त्यांनाही पेलणारी नव्हती. आम्हाला तर पाऊलच उचलत नव्हतं. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही, नुसता मारा चालू. सरांनी पश्चिम आघाडी म्हणून फळ्यावर ज्या दोन समांतर रेघा काढल्या होत्या त्यांचा अर्थ मला तिथे कळला. शेवटी दुकानदाराचा मुलगा बांबू घेऊन आला आणि बराच वेळ दोन्हीकडे बघून इंग्लंडच्या बाजूला उभा राहिला.

भरती लागल्याचं आधी दातिवऱ्याच्या पोराने पाहिलं. "ओ! पानी आला! भायेर निगा!" तो ओरडला. आम्ही निघणार कसे? तो शिव्या देत बांधावर पळाला आणि त्याच्या पोरांनी होडीच्या फळ्या आणल्या. त्या चिखलावर आडव्या टाकून ती पोटावर सरपटत आमच्यापर्यंत आली. थोड्या वेळापूर्वी आमच्या तोंडात चिखल मारत होती तीच पोरं. "सायकल सोड रं, भिकारड्या! मरशील!" तो ऑस्ट्रियाला ओरडत होता. ऑस्ट्रियाने शेवटी सायकल सोडली. तिचं हँडल पाण्याखाली जाईपर्यंत आम्ही सगळे, दोन्ही बाजूंचे, बांधावर बसून पाहत होतो.

मग सायकल गेली आणि हात मोडला, म्हणजे गुन्हेगार पाहिजे. ऑस्ट्रियाच्या वडिलांनी मुख्याध्यापकांना तसं सांगितलं. चौकशी सरांकडे आली, कारण युद्धाचे जाणकार तेच. सरांच्या नोकरीचा कागदही त्याच आठवड्यात कमिटीपुढे जाणार होता.

सरांनी बाक भिंतीला लावून वर्गाचा गोल केला. मला फळ्याजवळ मधोमध उभं केलं. सर्बिया गळ्यात हात बांधून बसला होता. सरांनी तह लिहून आणला होता, त्याची कलमं वाचली. खाडीत कोणी उतरायचं नाही. सुट्टीत किनाऱ्याकडच्यांनी पुढच्या अंगणात खेळायचं, बाकीच्यांनी मागच्या. मग ते म्हणाले, "शेवटचं कलम. या युद्धाला जर्मनी एकटा जबाबदार आहे. म्हण."

"मी एकटा नाय होतो, सर."

"म्हण."

"हवा त्याने सोडली. थप्पड याने मारली. मी डबा खात होतो."

सर खिडकीबाहेर बघत होते. मी वाट पाहत होतो, की आता ते छत्री टेकवतील आणि विचारतील, मूळ कारण काय. वांग्यांना विचारायचे, सायकलला विचारायला काय हरकत होती? त्यांनी विचारलं नाही.

दातिवऱ्याचा उठला. "त्याला एकट्याला काय पुसता, सर? आमी पन होतो ना चिखलात."

"इंग्लंड, खाली बस."

ऑस्ट्रिया नखं बघत होता.

"म्हणणार नसशील तर बाहेर जा," सर मला म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी खिडकीखालून दप्तर उचललं आणि बाहेर गेलो. नंतर मी शाळेत गेलो नाही. बापाने मारून पाहिलं, आईने रडून पाहिलं. त्या वाक्याशिवाय शाळा परत घेत नव्हती आणि ते वाक्य मी देत नव्हतो. सरांची नोकरी पक्की झाली. मी हे फक्त सांगून ठेवतो.

तारापूरची औद्योगिक वसाहत तेव्हा वाढत होती. कारखान्यांना रसायनं पिंपांतून यायची आणि रिकाम्या पिंपांचं काय करायचं हे साहेबांना कळायचं नाही. मला कळलं. मी ती उचलायचो, धुऊन, पोचे काढून, रंग लावून विकायचो. आधी डोक्यावरून, मग हातगाडीवरून, मग टेम्पोने. रिकाम्या वस्तूला भाव नसतो असं म्हणणारा माणूस खोटं बोलत असतो किंवा साहेब असतो. दातिवऱ्याचा इंग्लंड पुढे स्वतःच्या बोटीचा नाखवा झाला. डिझेलसाठी तो पिंपं माझ्याकडूनच न्यायचा आणि भर बाजारात ओरडायचा, "ए जर्मनी! भोक असला तर तुलाच आत कोंबीन हां!" त्याच्यामुळे सगळा बाजार मला जर्मनीशेठ म्हणू लागला. उत्तरेकडचे कामगार जरमन सेठ म्हणत. नाव ज्यांनी दिलं त्यांच्याशी मात्र मी बोलत नव्हतो. सर बाजारात दिसायचे. काखेत छत्री, हातात पाव किलोची पिशवी. "काय जर्मनी, काय म्हणतोस?" ते विचारायचे. दर वेळी, अगदी न चुकता. मी काही म्हणायचो नाही. माझ्या रागाने त्यांना काही होत नव्हतं, हे दिसत होतं. म्हणून तो जास्त वाढला.

आखातात युद्ध पेटलं तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. स्टेशनजवळच्या एका दुकानात टीव्ही रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला असे आणि संध्याकाळी पाळी सुटली की कामगार तिथे गर्दी करत. अनेकांचा भाऊ नाहीतर मेहुणा तिकडे कामाला होता. मी माझ्या टेम्पोत बसून रस्ता मोकळा व्हायची वाट बघत होतो. सर गर्दीत पुढे होते. बातमीत बसऱ्याचं नाव आलं. "अरे, बसरा!" सर एकदम म्हणाले.

शेजारच्या कामगाराने त्यांच्याकडे काळजीने पाहिलं. "बाबूजी, आपका कौन है वहाँ?"

"पिताजी गए थे."

"हे राम. लौटे कि नहीं?"

"लौट आए. बहुत पहले."

"तो अब काहे की फिकर? घर जाइए, आराम कीजिए."

सर हसले. पण हलले नाहीत. गर्दी पांगली, दुकानदाराने टीव्ही बंद केला, तरी ते काळ्या काचेकडे बघत उभे होते. घोंगडी काखेत होती. शाळा सुटली होती तरी ती त्यांच्याबरोबर असे. मला त्या दिवशी एकदा वाटलं, की उतरावं. मग रस्ता मोकळा झाला.

पुढच्या वर्षी एका कारखान्यात मी पिंपांचा भाव करत होतो. खरेदी खात्यात नवीन पोरगा आला होता, किनाऱ्याकडचा, शिकलेला. आमच्यात चांगली जुंपली होती. तेवढ्यात माझा हमाल दारातून ओरडला, "जरमन सेठ, गाड़ी लगाऊँ?"

पोराने हातातलं पेन खाली ठेवलं. "जर्मनी? पामचे?"

"हो. का?"

"म्हणजे तुम्ही खरे आहात?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "आम्हाला वाटायचं, सरांनी बनवलेली गोष्ट असेल."

मग त्याने सांगितलं. त्यांच्या वर्गात सगळे देश वाटले जायचे, पण जर्मनी कोणालाच मिळत नसे. पहिल्या बाकावरची खिडकीकडची जागा रिकामी असायची. तिथे कोणी दप्तरही ठेवायचं नाही. हजेरीत पहिलं नाव जर्मनी. सर नाव घ्यायचे, थोडा वेळ थांबायचे आणि मग पुढचं नाव. त्याच्या मोठ्या भावाच्या वर्गातही तसंच होतं.

"आणि तहाचा धडा आला की तुमची गोष्ट," तो म्हणाला. "सर सांगायचे, तह लिहिणाऱ्याची नोकरी कच्ची होती. म्हणून ज्या पोराच्या मागे कोणी नव्हतं त्याच्या गळ्यात त्याने सगळं युद्ध घातलं. मग परीक्षेत प्रश्न असायचा. जर्मनी वर्गातून का गेला? कारणे व परिणाम लिहा. दहा मार्क."

"तुला किती पडले?"

"सात."

"तीन कुठे गेले?"

तो जरा गडबडला. "परिणामांत गेले. मी लिहिलं होतं, की जर्मनीचं वाटोळं झालं." त्याने खिडकीतून माझ्या नव्या ट्रककडे पाहिलं. "सरांनी लाल शाईने लिहिलं, 'चौकशी करून लिहावे.'"

त्या दिवशी तो म्हणाला त्या भावाला मी माल देऊन आलो. माझ्या धंद्यात असं पुन्हा कधी घडलं नाही.

ट्रकमध्ये बसल्यावर मला राग आला. तो जुना राग नव्हता. जुन्याला मी सरावलो होतो. मी निर्दोष होतो हे वाक्य माझं होतं. त्याची वाट मी पाहिली होती. ते वाक्य सर दरवर्षी वर्गभर पोरांना फुकट वाटत होते, त्यावर मार्क देत होते, आणि मी बाजारात हातभर अंतरावर उभा असताना मला काय, तर "काय म्हणतोस?" मी हमालाला वाटेत उतरवलं आणि ट्रक सरळ त्यांच्या घरी नेला.

दोन खोल्यांचं घर. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. आतून सर म्हणाले, "जर्मनी दिसतोय. चहा टाक."

"अगं बाई, हे ते?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं नुसतं ऐकतेय. बसा. त्या खुर्चीवर नको हं, तिथे घोंगडी आहे. ती मलाही बसू देत नाही."

मी उभाच राहिलो. "पोरांना सांगितलंत. मला का नाही सांगितलंत?"

"पोरांना सांगायला हिंमत लागत नाही," सर म्हणाले. "ती लहान असतात. बाजारात तू दिसलास की दर वेळी ठरवायचो. तोंडातून निघायचं, काय म्हणतोस."

"आता सांगा."

"सांगतो. बस तरी."

"इथे नाही. त्याच वर्गात. मी जिथे उभा होतो तिथे तुम्ही उभं राहायचं, आणि सांगायचं."

त्यांच्या पत्नी चहा घेऊन दारात थबकल्या. मला वाटलं, आता हा म्हातारा दुखावणार. तीच माझी इच्छा होती. पण सरांचा चेहरा असा उजळला, की जणू मी त्यांना काही आणून दिलं होतं. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"डबा मागितलास! अगं ऐकलंस? यानं डबा मागितला!"

"कसला डबा?"

"रेल्वेचा डबा. पहिल्या युद्धात हरल्याचं जर्मनीला एका रेल्वेच्या डब्यात कबूल करावं लागलं. दुसऱ्या युद्धात जर्मनीने फ्रान्सला हरवलं, तेव्हा तोच डबा संग्रहालयातून बाहेर काढला, त्याच जागी उभा केला आणि फ्रान्सला तिथे बसवून सही करायला लावली. तुला हे कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. दुसरं युद्ध शिकायला मी होतो कुठे?"

"न शिकता केलंस," सर म्हणाले. "म्हणजे हे पुस्तकातून येत नाही. असंच येतं." चहा त्यांनी बशीत ओतला आणि प्यायचा विसरले. "रविवारी चालेल?"

रविवारी मी शाळेच्या शिपायाला सांगून खोली उघडून घेतली. कौलं जाऊन पत्रे आले होते, खिडकी तीच होती. बाहेर खाडीला ओहोटी होती. सर घोंगडी काखेत घेऊन आले, पण ती त्यांनी खुर्चीवर टाकली नाही. मी खिडकीकडच्या जागेवर बसलो. बाक लहान होता, की मी मोठा झालो होतो, कुठेतरी गुडघे अडकत होते. सरांनी सवयीने हजेरी घेतली.

"जर्मनी?"

ते थांबले. मलाही जरा वेळ लागला.

"हजर," मी म्हणालो. हजर होतो म्हणून म्हणालो. त्यात माफी वगैरे काही नव्हतं.

मग ते फळ्याजवळ जाऊन उभे राहिले. नेमके तिथेच. त्यांनी जागा विचारली नाही, म्हणजे त्यांच्याही लक्षात होती. हात त्यांनी पोरासारखे खाली सोडले होते. "या युद्धाला जर्मनी एकटा जबाबदार नव्हता," ते म्हणाले. "तह लिहिणाऱ्याला हे त्या दिवशीही ठाऊक होतं. त्याला नोकरी हवी होती, हे तात्कालिक कारण. तो भित्रा होता, हे मूळ कारण."

झालं. इतकी वर्षं जे वाक्य हवं होतं ते एवढंच निघालं. मी उठलो.

"बस," सर म्हणाले. "कलम अर्धं झालंय. एकटा नव्हता म्हणजे होता. किती होता ते ठरायचंय."

माझं डोकं फिरलं. "डबा खात होतो, सर!"

"डबा बंद कोणी केला?"

सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर रुपया मांडला, जुना, सोळा आण्यांचा. "सर्बियाचे दोन आणे. ऑस्ट्रियाचे चार. तह लिहिणाऱ्याचे सहा. राहिले चार, ते जर्मनीचे."

"चार? एक पैसा देणार नाही."

"चार."

"तुमचे सहा कमी आहेत. तुम्ही मोठे होता, आम्ही पोरं होतो. दहा लावा तुम्हाला."

"आठ घेतो," सर म्हणाले आणि स्वतःचे सहा पुसून आठ केले. "मग तुझे दोन."

"इंग्लंडला काहीच नाही?"

"त्याने तुला ओढून काढलं. त्याचा आकडा त्याने चिखलात फेडला."

"मग मलाही काही नको. मी कोणाला मारायला गेलो नव्हतो. शब्द दिला होता म्हणून गेलो."

सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. ते वळले नाहीत. "माझा बापही तेच म्हणायचा," ते म्हणाले. "बोलावलं म्हणून गेलो. त्या सगळ्या महायुद्धाचा हिशेब करताना मी त्याला दोन आणे लावलेत. खूप वर्षं लागली मला ते लावायला. तुला त्याच्यापेक्षा कमी कसे लावू?"

बाहेर खाडीत कोणीतरी शिंपल्या वेचत होतं, त्याचा आवाज येत होता.

"दोन," मी म्हणालो.

सरांनी जर्मनीच्या पुढे दोन लिहिलं आणि खडू ठेवला. घोंगडी झटकली, काखेत घेतली आणि म्हणाले, "हा पहिला तह, ज्यात जर्मनीला बोलायला मिळालं." मग आम्ही ट्रकमधून बाजारात गेलो. तिथे त्यांनी पाव किलो वांगी घेतली, सांगितलेल्या भावात.

सर आता नाहीत. मला अजून वाटतं, की आणखी थोडं ताणलं असतं तर ते एका आण्यावर आले असते. पण समोरच्याने आपल्या बापाचा भाव सांगितला की पुढे घासाघीस करता येत नाही. हे मला ठाऊक आहे, आणि मला संशय आहे, की सरांनाही ठाऊक होतं. जन्मभर पाव किलो वांग्यांचा भाव पाडायला त्यांनी तोंड उघडलं नाही. ते त्या दिवसासाठी राखून ठेवलं असणार.